आत्या, तुमची शेगडी खरंच चावत होती

आत्या,

परवा तुमचा जलदान विधी झाला. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, अंगणात मांडव टाकून माणसं जेवली. जाताना जी ती बाई माझा हात धरून म्हणत होती, "बाई सुटल्या." आणि मग आवाज खाली आणून, "तू पण सुटलीस बघ, सुजाता." मी नुसती मान हलवत होते. गुलमंडीतून घाईनं आणलेली पांढरी साडी सारखी खांद्यावरून घसरत होती. मला एवढंच वाटत होतं की ह्या सगळ्या आता जाव्यात आणि मी दार लावून घ्यावं. ज्या दाराला इतकी वर्षं शिव्या दिल्या, तेच दार.

त्यांना काय सांगू? आपण दोघी कशात अडकलो होतो ते तुम्हाला आणि मलाच माहीत. म्हणून तुमच्याशीच बोलते. तुमच्याशी बोलायची सवय अजून गेलेली नाही. शेवटी शेवटी तुम्ही उत्तर देत नव्हता, तेव्हा मीच दोघींचं बोलायची.

मला बघायला आलात तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारला होता. "नोकरी करती का पोरगी?" मी तेव्हा वाळूजला, इलेक्ट्रिक पॅनल बनवायच्या एका कारखान्यात वायरिंगच्या लाईनीवर होते. माझ्या आईनं घाईनं सांगितलं, "करती, पण लग्नानंतर सोडंल की." तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "सोडायची नाय. मी अंगणवाडी चालवून पोरगं शिकवलं. घरात बसून बाई गंजती." मी दाराआडून ऐकलं आणि होकार तिथंच दिला. मिलिंदच्या स्थळाला नाही, सासू म्हणून तुम्हाला.

आणि पुढं तुमच्यामुळंच नोकरी सुटली. तुम्ही सोडायला लावली नाही, तुमच्या आजारानं लावली. पण त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं मला रोज जमलं असं नाही. भांडी घासता घासता मी तुमच्यावर चिडायची आणि मग चिडले म्हणून स्वतःवर.

आधी नावं गेली, मग रस्ते. एकदा तुम्ही भाजी आणायला म्हणून निघालात आणि दौलताबादच्या रस्त्याला लागलात. एका रिक्षावाल्यानं ओळखलं, त्याची पोरगी तुमच्या अंगणवाडीत होती. घरी आणलं तर तुम्ही म्हणता, "सिल्लोडला चालले व्हते, आईकडं. ह्यानं मधीच गाठलं." त्या दिवसापासून पुढच्या जाळीच्या दाराला कुलूप लागलं. किल्ली माझ्या गळ्यात, नाडीला बांधून. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कोंडलेल्या तुम्ही आणि किल्लीवाली मी. पण तुम्हाला घरात ठेवून मी कुठं जाणार होते? मी तुमच्या एवढीच आत होते. तुम्हाला निदान ते कळत नव्हतं.

मिलिंदनं गल्लीत सांगून टाकलं, "आई गावी राहायला गेली." तुमचा मुलगा खोटं बोलणारा नाही, तुम्हाला माहीत आहे. पण ते त्यानं सांगितलं ते तुमच्यासाठी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या आठवड्यात, तुमचं डोकं अजून जागेवर असताना, तुम्ही आम्हाला दोघांना पलंगावर शेजारी बसवलं होतं. "ह्या गल्लीनं मला बाई म्हणलंय. उद्या मी येड्यावानी वागायला लागले तर मला कुणाम्होरं आणू नका. शब्द द्या." आम्ही दिला. मिलिंदनं तो घट्ट पाळला. खिडक्यांना पडदे लागले. कुणी आलं तर तो फाटकातच बोलून वाटेला लावायचा. मी तुम्हाला मागच्या खोलीत धरून बसायची, तोंडावर बोट ठेवून. तुम्हाला तो खेळ वाटायचा. तुम्हीही बोट ठेवायच्या आणि हसायच्या.

मग तो गॅसचा दिवस आला. मी अंघोळीला गेले होते. तुम्ही चहा करायला म्हणून बटण फिरवलं आणि काडी लावायची विसरून तिथंच उभ्या राहिलात. मी बाहेर आले तर घरभर वास. खिडक्या उघडल्या, तुम्हाला ओढत अंगणात आणलं. दुसऱ्या दिवशी मिलिंदनं सिलिंडर आणि शेगडी दोन्ही काढून टाकलं आणि विजेची शेगडी आणली. वर काळी काच, भोवती स्टीलची चौकट, दोन तव्यांची. दुकानाच्या माणसानं ती फ्रिजच्या बोर्डात खुपसली, लाल दिवा लागला, "झालं, ताई," म्हणाला आणि गेला.

तुम्ही त्याच दिवशी सांगितलं होतं, आत्या. ओल्या फडक्यानं ती पुसायला गेलात आणि हात झटकून मागं आलात. "सुजे, चावतंय गं हे."

"गरम असंल, आत्या."

"गरम नाय. चावतंय. मुंग्यावानी."

मिलिंद म्हणाला, "आजाराचं आहे ते." त्याचं तरी काय चुकलं? त्याच आठवड्यात तुम्हाला भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. तुमचे गेलेले भाऊ दुपारच्याला येऊन खुर्चीवर बसत होते, तुम्ही त्यांना पाणी द्यायला लावत होता. मी शेगडीला हात लावून बघितला. मला काही झालं नाही. होणार कसं? फरशी गार म्हणून माझ्या पायात रबरी चप्पल. तुम्ही आयुष्यभर स्वयंपाकघरात अनवाणी.

मग तुम्ही तिकडं यायचंच सोडलं. ज्या बाईला स्वयंपाकघरातून बाहेर काढायला भांडावं लागायचं, ती उंबऱ्याशी उभी राहून ओरडायची, "चुलीत साप हाय!" मी भाजीला फोडणी घालायला लागले की मागून माझा गाऊन धरून ओढायच्या. एकदा एवढ्या जोरात ओढलंत की कढई हातातून निसटली आणि मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही घाबरून भिंतीला टेकलात. पण गाऊन सोडला नाही.

मला कळलं ते असं. सकाळची वेळ, मिलिंद ऑफिसला गेलेला. फरशी नुकतीच पुसली होती, चप्पल बाथरूमशी राहिली. दूध उतू जायला लागलं म्हणून मी तशीच ओल्या पायांनी धावले आणि मनगट चौकटीला लागलं. खांद्यापर्यंत झिणझिणलं. मी मागं सरले आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही उंबऱ्यात उभ्या होता. "चावलं ना?" एवढंच म्हणालात. त्यात राग नव्हता, मी-सांगत-होते असंही नव्हतं. पोराला ठेच लागल्यावर विचारतात तसं.

मला तो चावा ओळखीचा होता, आत्या. कारखान्यात पहिल्याच महिन्यात आम्हाला शिकवलं होतं: यंत्राच्या लोखंडी अंगात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे. ती वाट म्हणजे अर्थिंगची वायर. ती नसली तर तो जो कुणी हात लावेल त्याच्यातून जातो. मी मिलिंदच्या खणातून टेस्टर काढला, चौकटीला लावला. पेटला. मग मेन स्विच पाडला, बोर्ड खोलला. प्लगला तीन पिना, बोर्डाला तीन भोकं. दोन भोकांमागं वायर होती. तिसऱ्या, वरच्या मोठ्या भोकामागं काहीच नव्हतं. सगळं घर धुंडाळलं. ह्या जुन्या सिडकोच्या घरात अर्थिंग कधी झालंच नव्हतं. आणि शेगडीला जोडलेली वायर तर पंख्याला जोडतात तसली बारीक, हाताला गरम लागत होती.

त्या दिवशी मी शेगडी बंद केली आणि मिलिंद आल्यावर सांगितलं, "आधी अर्थिंग, मग स्वयंपाक."

तो सलीमभाईंना घेऊन आला. आपल्या भागातले जुने इलेक्ट्रिशियन, म्हणून त्यानं त्यांना आत येऊ दिलं. तुम्हाला मागच्या खोलीत बसवून मी बाहेर आले. सलीमभाईंनी बोर्ड बघितला. "भाभी, अर्थिंग को न्यूट्रल से जोड देता. दो मिनिट का काम. लोगां ऐसाच करते."

"नको सलीमभाई. उद्या ती परतीची न्यूट्रल वायर कुठं तुटली तर शेगडीच्या अंगात पुरा करंट येईल. आता चावते, तेव्हा सोडणार नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बात सही है. लेकिन फिर गड्ढा खोदना पडेंगा. सामने आँगन में. और लाईन मीटर से अलग लाना पडेंगा. पूरे दिन का काम है."

मिलिंद लगेच म्हणाला, "नाही. अंगण खोदायचं नाही." सलीमभाई गेल्यावर माझ्याकडं वळला. "दिवसभर दार उघडं राहणार. माणसं येणार-जाणार. आईला कुठं ठेवणार? विसरलीस काय कबूल केलंय?"

"विसरले नाही. पण त्या रोज ह्या शेगडीपाशी येतात, मिलिंद. अनवाणी."

"रबरी मॅट टाकू. आईला आत येऊच द्यायचं नाही."

म्हणजे आणखी एक दार. पुढचं दार बंद, मागची खोली, खिडक्यांना पडदे, आणि आता स्वयंपाकघराचा उंबरा. तुम्हाला कोंडायला एकेक खोली कमी करत चाललो होतो आणि प्रत्येक वेळी कडीच्या आतल्या बाजूला मी होते.

मी शेगडी परत चालू केली नाही. मेसचा डबा सुरू झाला. तुम्ही त्यातलं काही खाईनात. पोळी तोंडात घोळवून बाहेर काढायच्या. "हे आपल्या घरचं नाय," म्हणायच्या. दूध-बिस्किटांवर तुमचं मनगट बारीक व्हायला लागलं. मिलिंद बघत होता, मी बघत होते, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. शेवटी मी त्याला न विचारता सलीमभाईंना फोन केला.

तो दिवस तुम्हाला आठवत नसणार. म्हणून सांगते, मन लावून ऐका.

मी गळ्यातली किल्ली काढली आणि जाळीचं दार सताड उघडलं. तुम्हाला मागच्या खोलीत नेलं नाही. खुर्ची आणून पायरीशी ठेवली, डोक्यावरून पदर नीट केला, बसवलं. सलीमभाईंनी नळाजवळची फरशी उचलली आणि खोदायला लागले. तुम्ही बराच वेळ बघत होता. मग अगदी शांतपणे विचारलंत, "कोणाला पुरताय?"

सलीमभाईंचा हात थांबला. "किसी को नहीं, अम्मा. बिजली को रस्ता बना रहे."

खड्डा कमरेच्या वर गेला, तेव्हा त्यांनी लोखंडी पाईप उभा केला. भोवती कोळसा, मग मीठ, मग परत कोळसा, असे थर. मीठ बघितलं तशा तुम्ही उठलात. माहेरच्या शेतात बी टाकायच्या तशा मुठी भरून टाकायला लागलात, जपून, एकाजागी न पडू देता. सलीमभाईंनी अडवलं नाही. "बरोबर डालते अम्मा," म्हणाले. माती लोटून झाल्यावर तुम्ही तांब्या मागितला. "पेरलंय तर पाणी नको घालाया?" आणि खरंच, त्या पाईपला पाणी घालावंच लागतं, माती ओली राहिली तरच वाट चालू राहते. तुम्ही तांब्यावर तांब्या घालत होता, मी भरून देत होते.

आणि फाटकात कुसुमताई उभ्या होत्या. समोरच्या घरातल्या. हातात दळणाचा डबा. "अगं बाई! बाई, तुम्ही? आम्हाला वाटलं गावी आहात!"

तुम्ही त्यांना ओळखलं नाही. पण हसलात. "या. लेकरं आली का समदी?"

कुसुमताईंच्या ध्यानात आलं. डबा खाली ठेवून त्या तुमच्यासमोर फरशीवरच बसल्या. "आली बाई. समदी आली."

"खिचडी खाल्ली?"

"खाल्ली."

अर्ध्या तासात अंगणात बायका जमल्या. कुणाच्या पोराला तुम्ही डोस पाजला होता, कुणाला सही करायला शिकवलं होतं. कुणी हसलं नाही, आत्या. कुणी एकमेकींना खूण केली नाही. एकीनं तुमचे केस सोडवून तेल लावलं. तुम्ही प्रत्येकीला लेकरांचं विचारत होता आणि जी ती लेकरं बरी आहेत म्हणून सांगत होती.

मिलिंद आला तेव्हा सलीमभाई मीटरपासून नवीन जाड तांब्याची वायर ओढत होते. तो फाटकाबाहेरच उभा राहिला. तुम्ही अंगणाच्या मध्यात, केस मोकळे, हाताला कोळसा, भोवती गल्ली. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं तो वळून निघून जाईल. कुसुमताई उठल्या. "मिलिंद, अरे सांगायचं ना. आम्ही काय परक्या?" तो आत आला, तुमच्या पायाशी पायरीवर बसला आणि तुमचा काळा हात आपल्या रुमालानं पुसत राहिला.

बायका गेल्यावर मला म्हणाला, "तू तिचा शब्द मोडलास." मी म्हणाले, "हो." पुढं कितीतरी दिवस आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

हे भांडण आपल्या दोघींचं आहे, आत्या, आणि ते राहूनच गेलं. शब्द मागणारी बाई वेगळी होती आणि पायरीवर बसून हसणारी वेगळी. पहिलीला विचारलं असतं तर तिनं मला तोंडावर सुनावलं असतं. दुसरीला मी इतकी आनंदात कधीच बघितली नव्हती. मी कुणाचं ऐकायला पाहिजे होतं? मी दुसरीचं ऐकलं. अजूनही तेच करीन. पण पहिलीनं एकदा तरी "जाऊ दे, सुजे" म्हणावं असं वाटत राहिलं. कधी कधी तुमची नजर क्षणभर स्वच्छ व्हायची, तेव्हा मी विचारायला तोंड उघडायची, आणि तेवढ्यात ती परत जायची.

अर्थिंगचं काम मात्र नीट झालं. करंटची फेज वायर आणि नवीन अर्थिंग ह्यांच्यामध्ये सलीमभाईंनी बल्ब लावून दाखवला, लख्ख पेटला. शेगडीला स्वतंत्र लाईन, स्वतंत्र बोर्ड, आणि करंट जरा गळाला की आपोआप पडणारा स्विच. त्याचं छोटं बटण दाबलं की खट्कन पडायचा. महिन्यातून एकदा दाबून बघा, त्यांनी सांगितलं. मी टेस्टर चौकटीला लावला. पेटला नाही. मग हात लावला, चप्पल काढून.

तुम्ही मात्र विश्वास ठेवला नाही. वायर बदलली तरी तुमची भीती तिथंच राहिली. मी शेगडीशी गेले की तुम्ही येऊन गाऊन धरायच्या. मी मग ओढून घेणं सोडून दिलं. तुम्ही धरून उभ्या, मी स्वयंपाक करतेय, असं चालायचं. एकदाच पुढं आलात, मी थापलेल्या भाकरीकडं बघितलं. "फुगंना ही. इस्तव कुठाय?" खरं होतं. निखाऱ्याशिवाय त्या काचेवर भाकरी कधी फुगली नाही. तरी तुम्ही ती खाल्ली. माझ्या हातची, दुधात कुस्करून, सगळी.

त्यानंतर दार दुपारी उघडं असायचं. पण मी काही मोकळी झाले नाही, ते खोटं सांगणार नाही. तुम्ही चालायच्या थांबलात, मग बसायच्या, मग पलंगावरच. तुम्हाला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं. बाहेरून कुणाच्या स्कूटरचा आवाज आला, कुणी कामाला निघालं, की माझ्या अंगात काहीतरी धडका मारायचं. काही दुपारी मी तुमच्या श्वासाकडं बघत मनात म्हणायची, आता पुरे करा ना. आणि तुम्ही गेलात त्या सकाळी, मी चमचा तुमच्या ओठाशी धरला होता आणि तुम्ही तोंड उघडलं नाहीत, तेव्हा मी तुम्हाला रागावले. "आत्या, त्रास देऊ नका." ते शेवटचं बोलणं. तुम्ही ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

काल कुसुमताई आल्या. म्हणाल्या, आमच्या मिक्सरला हात लावला की झिणझिण्या येतात, जरा बघतेस का? मी टेस्टर, पक्कड घेऊन गेले. मेन पाडला, बोर्ड खोलला. अर्थिंगची वायर होती, पण तुटून लोंबकळत होती. मी टोकं सोलली, नीट पिळून बसवली. किती दिवसांनी हातांना ते काम आलं होतं. त्या चहा टाकत होत्या, काहीतरी सांगत होत्या, मी हसलेसुद्धा. आणि हसता हसता एकदम आठवलं. आत्या एकट्या आहेत. मी त्यांना एकटं सोडून आले.

पक्कड तिथंच टाकून मी धावले. अनवाणी, रस्ता ओलांडून. आपलं दार उघडं होतं. पायरी चढून आत गेले तर मागच्या खोलीत मिलिंद उभा. ऑफिसची बॅग खांद्यावर, डबा हातात, दोघंही घामाघूम.

"तू इथं?" मी विचारलं.

तो रिकाम्या पलंगाकडं बघत होता. "तुला फोन केला, तू उचलला नाहीस. मला वाटलं..." त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं आई एकटी आहे."

आत्या, तुम्ही गेलात हे आम्ही दोघांनी खांदा देऊन, विधी करून, माणसांना जेवू घालून मान्य केलं होतं. तरी काल दोन दिशांनी धावत आलो, तुम्हाला बघायला. मग किती वेळ तुमच्या पलंगावर शेजारी शेजारी बसलो होतो, आणि तो पहिल्यांदा रडला.